जमिनीला एक काना

वैशाख अर्धा सरला आणि शेषेरावांच्या विहिरीनं तळ दाखवला. सहा परस, म्हणजे सहा माणसांच्या उंचीइतकी खोल विहीर. तिचा तळ डोळ्यांनी बघितलेला माणूस सावरखेडात एकच उरला होता, मलप्पा, आणि त्यांचं वय नव्वदीच्या पुढं गेल्यामुळं ते बहात्तरच्या दुष्काळातलं सांगतायत की काल पडलेल्या स्वप्नातलं, हे कुणालाच नक्की कळत नसे. भूकंपाला अकरावं वर्ष चालू होतं. मागची दोन सालं पाऊस दारावरून गेला होता, घरात काही आला नव्हता.

सावरखेडात गाळ काढायचं काम सावडीवर चालायचं. आज सगळे माझ्या विहिरीवर, आठ दिवसांनी तुझ्या. ज्याची विहीर त्यानं दुपारची भाकरी घालायची आणि दुसऱ्याची पाळी आली की अंग चोरायचं नाही, एवढाच कायदा. तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच बहुधा कुणी मोडत नव्हतं. यंदा चिठ्ठीत शेषेरावांची विहीर पहिली निघाली आणि बांधाला बांध असलेल्या गुरुबसप्पांची दुसरी. काठावर मडिवाळप्पाची गाळ ओढायची यारी उभी राहिली. तिचं इंजिन सकाळी सहाला खोकायला लागायचं आणि ऊन डोक्यावर आलं की बंद व्हायचं. खाली दोघं फावड्यानं गाळ भरायचे, लोखंडी बादली हेलकावे खात वर जायची, वर चौघं ती ओतायचे.

शेषेराव अठ्ठावन्न वर्षांचे. या वयाचे बाकीचे लोक काठावर उभे राहून सूचना द्यायचं काम करत, पण शेषेरावांना स्वतःच्या विहिरीत आपल्याला सोडून दुसराच उतरलेला खपत नसे. माणूस सरळ, शब्दाला पक्का आणि त्याचा थोडा ताठाही असलेला. चौथ्या दिवशी ते आणि गुरुबसप्पांचा विरूपाक्ष गुडघाभर चिखलात उभे होते. विहिरीची उत्तरेची बाजू भूकंपात फुगली होती. विहिरीचं पोट सुटलंय, असं गाव म्हणायचं. ती बांधून घेऊ म्हणता म्हणता शेषेरावांनी दहा वर्षं काढली होती, आणि तिच्यातले चार दगड कधीतरी निसटून खाली येऊन बसले होते. ते दगड त्यांनी पहारीनं हलवले, बादलीत चढवले. शेवटच्या दगडाबरोबर विरूपाक्षालाही पाणी प्यायला वर पाठवलं. आता जेवणाआधी एक हात मारावा म्हणून त्यांनी फावडं घातलं.

दगडाला लागलेलं फावडं वेगळं वाजतं आणि लोखंडाला लागलेलं वेगळं. शेषेराव वाकले. हातानं चिखल बाजूला केला तर खाली निळा रंग दिसला. अजून थोडा केला. पाण्याच्या मोटारीच्या अंगावर खिळ्यानं कोरलेलं एक अक्षर होतं, 'शे'.

शेषेराव चिखलातच बसले.

ते अक्षर शारिकनं कोरलेलं होतं. तालुक्याच्या गावात बसस्टँडमागं त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आपल्याकडं आलेल्या प्रत्येक मोटारीवर तो मालकाचं पहिलं अक्षर कोरायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही म्हणे. चौदा महिन्यांपूर्वी, फाल्गुनात, लुनावर मागं मोटार बांधून तो आला होता. मोटार सोडली, पाणी चालू करून दाखवलं, आणि निघताना उत्तरेच्या काठाला बोट लावून म्हणाला होता, "काका, इथं दोर दगडाला घासून राहिलाय. टायरचा तुकडा घाला खाली." शेषेराव म्हणाले होते, "हाव, घालतो." आणि विसरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आले तर दोर अर्धाच लोंबत होता, पाइप निसटलेला, वायर पेटीतून उपटलेली. मोटार नाही.

दोन दिवस गळ टाकून बघितला. गळ दगडाला अडकायचा आणि रिकामा वर यायचा. मग शेषेराव पोलीस ठाण्यात गेले. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, शेवटी विहिरीवर कोण आलतं? यांनी जे खरं ते सांगितलं, शारिक आलता. त्याच्या दुकानात तशीच एक निळी मोटार उघडून पडलेली होती, दुसऱ्या कुणाची तरी. तिच्यावर अक्षर अजून पडायचं होतं. हीच का, असं विचारल्यावर शेषेराव म्हणाले, "हीच असंल." पंच म्हणून आलेल्या गुरुबसप्पांनी मान डोलावली. कागदावर 'हीच' उतरलं आणि 'असंल' तोंडातच राहिलं. कागद वाचून न बघता दोघांनी खाली सह्या केल्या, आणि शारिकला धरून नेलं.

दोन दिवसांत सुटंल, असं तेव्हा शेषेरावांना वाटलं होतं. कोर्टानं दुसऱ्याच महिन्यात जामीन मंजूरही केला. पण त्याला सातबारा असलेला ऐपतदार माणूस उभा राहावा लागतो. शारिकचं घर भाड्याचं आणि दुकानही भाड्याचं. तीन पिढ्या त्या गावात राहिलेल्या माणसांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. कागदावर सुटलेला माणूस तेरा महिने आत राहिला होता. हे शेषेरावांच्या कानावर यायचं. कोर्टाचं काम आहे, आपण काय करणार, असं म्हणून ते कूस बदलायचे.

आणि ती मोटार इथं होती, त्यांच्याच पायाखाली.

वरून गुरुबसप्पांनी हाक मारली, "शेषेराव, वर येतूस का भाकरी खाली सोडू, तिथंच खातूस?"

शेषेरावांनी फावडं उचललं. पाच फावडी चिखल त्यांनी मोटारीवर टाकला, वरून पायानं दाबला आणि बादलीत बसून वर आले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ चुका केल्या होत्या, पण चूक करताना ती चूक आहे हे इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

वर लिंबाच्या सावलीत पंगत बसली होती आणि पंगतीच्या कडेला एक बाई बसली होती. पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, मांडीवर कापडी पिशवी. शेषेरावांनी तिला ओळखलं आणि हात धुवायच्या निमित्तानं ते हौदाकडं वळले. ती बिलकीस होती, शारिकची आई.

सिंधु, शेषेरावांची बायको, तिला भाकरी वाढत होती. "खा भाभी. उन्हाचं आलाव."

पोरगा आत गेल्यापासून बिलकीस लातूरला बहिणीकडं राहत होती, जेल जवळ पडतं म्हणून. शिकवणी वर्गांच्या गल्लीत एका मेसमध्ये ती पोळ्या लाटायची, सकाळी चारशे आणि संध्याकाळी चारशे. डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावहून आलेली पोरं त्या खायची. शेषेरावांची लेक साक्षीही त्याच भागात खोली करून बारावीचा अभ्यास करत होती. रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी. मग सकाळच्या पोळ्या उरकून बिलकीस एसटीनं गावं फिरायची. जेलच्या दारात भेटीच्या दिवशी आपल्यासारख्या बाया दिसतात, त्यांच्या माणसांना जामीन मंजूर आहे आणि जामीनदार नाही, हे तिला तिथं उभं राहून कळलं होतं. तिनं नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यातून सात बायांचं एक मंडळ झालं होतं.

जेवणं झाल्यावर ती बोलायला लागली. "मी तुमच्याकडं जामीन मागायला आले."

गुरुबसप्पांच्या कपाळावरचं भस्म एकदम आकसलं. "जमीन? आमची जमीन कामून मागून राहिलीस बाई? सरकारनं भूकंपात घ्यायची तेवढी घेतली की गावठाणाला."

पंगत हसली. बिलकीसही हसली, पण तिला त्याची सवय झालेली दिसत होती. "सगळ्या गावात हेच होतं, आप्पा. मी सातवीपत्तूर उर्दू शिकले. मराठी अक्षरं शिकले ती कोर्टाच्या कागदांवर. तवा मला कळलं, जमिनीच्या ज ला एक काना दिला की जामीन होतो. जमीन तुमची तुमच्यापाशीच राहती. मला तेवढा काना पायजे."

"म्हंजे काय करायचं?" मडिवाळप्पानं विचारलं.

"सातबारा घेऊन कोर्टात उभं राहायचं. हा माणूस तारखेला येईल, असं म्हणायचं. बस." तिनं पिशवीतून कागद काढला. "अकरा नावं हायेत. यातल्या कुणाला शिक्षा झालेली न्हाई. केस उभीच राहिली न्हाई अजून. जामीन मंजूर हाय, नि त्यांच्यासाठी उभं राहायला माणूस न्हाई म्हणून आत हायेत. जेल शंभर माणसांचं, आत अडीचशे. जागा न्हाई म्हणून पाळीनं झोपतेत. अर्धे झोपतेत, अर्धे भिंतीला टेकून बसतेत, मग उठून जागा देतेत." ती थांबली. "तिथंबी सावडच हाय, भाऊ. झोपायची."

यावर कुणी हसलं नाही. मघाशी हसलो ते बरं दिसलं नाही, असं दोघातिघांना वाटलं असावं.

"अन् पळून गेला तर?" गुरुबसप्पा म्हणाले. "आमच्या बोकांडी बसंल की ते."

"आत्तापत्तूर चौघं सुटले आमच्या मंडळाच्या जामिनावर. एकबी तारीख चुकली न्हाई. तारखेच्या आदल्या दिवशी आमच्यातली एक जण त्याच्या दारात जाऊन बसती. सकाळी त्याला घेऊनच निघती. केस संपली की जामीन मोकळा, मग तोच माणूस दुसऱ्यासाठी उभा राहतो. तुमच्यासारखंच हाय, पाळीपाळीनं."

"चोराला कोण जामीन राहणार, बाई."

"चोर हाय का न्हाई तेच ठरायचंय, आप्पा. त्याच्यासाठीच तर कोर्ट हाय." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "भूकंपात आमच्या गल्लीतून टेंपो भरून माणसं आली हितं उकरायला. माझा नवरा खाजामियाँबी आलता. तवा कुणी इचारलं न्हाई, ढिगाऱ्याखालच्याच्या नावावर सातबारा हाय का म्हणून."

कागद हातोहात फिरत शेषेरावांकडं आला. पहिलं नाव शिवप्पाचं होतं, देगलूरकडचा दगड फोडणारा, दोन वर्षं आठ महिने. शारिकचं नाव शेवटी होतं.

"पोराचं नाव शेवटी लिवलाव?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. बाई आल्यापासून त्यांचा हा पहिला शब्द.

बिलकीसनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं. "जो जास्त दिवस आत, तो वर, असा नियम हाय मंडळाचा. शारिकचे चौदाच महिने झालेत."

चौदा महिने हा त्या कागदावरचा सगळ्यात लहान आकडा होता. शेषेरावांनी कागदाची घडी केली आणि परत दिली. बघू, विचार करू, असं बोलून माणसं उठली. बिलकीस पिशवी सावरत एसटीच्या रस्त्याला लागली. जाताना ती विहिरीच्या काठावरूनच गेली.

संध्याकाळी शेषेराव ओसरीवर बसले होते. पुनर्वसनाचं घर, एका रेषेत सगळी सारखी, दारावर आकडा. जुनं दगडी गाव दोन कोसांवर पडलं होतं आणि त्याच्या मातीत त्यांचा आदिनाथ गेला होता, पाच वर्षांचा. सिंधु तांदूळ निवडत होती.

"चहा पिला न्हाई. भाकरीबी चिवडली. काय झालं?"

शेषेरावांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि आज दुपारपासून तेच करत असल्यामुळं ते थकून गेले होते. त्यांनी सगळं सांगितलं. दगड, निळा रंग, अक्षर, पाच फावडी.

सिंधुचा हात ताटलीत थांबला. निवडलेले तांदूळ तिनं एका बाजूला लोटले. मग म्हणाली, "आपलं लेकरू गाडलं गेलं तवा सगळा मुलूख उकरायला आला. तिचा नवरा आला. तिचं लेकरू चौदा महिने झाले गाडलंय, अन् तुमी वरून चिखल लोटलाव."

"आगं, खोटी फिर्याद केली म्हणून मलाच आत घालतील."

"घालतील तर घालतील. बिलकीसभाभी यादीत बारावं नाव लिवंल." तिनं ताटली खाली ठेवली. "साक्षी तिकडं कुठल्या मेसमध्ये जेवती म्हाईत हाय का तुमाला? मला न्हाई म्हाईत. चारशे पोळ्या लाटती ती बाई रोज. त्यातल्या दोन आपल्या लेकीच्या ताटात पडत असतील, असं मला आज तिला वाढताना वाटलं. मला तुमची लाज वाटून राहिली."

तीस वर्षांच्या संसारात सिंधुनं हा शब्द त्यांच्यासाठी कधी वापरला नव्हता. शेषेरावांना वाटलं, ठाण्यातल्या माणसानं हातात बेड्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

सकाळी यारी सुरू झाली तेव्हा ते म्हणाले, पहिल्या खेपेला मी एकटाच उतरतो. विरूपाक्ष म्हणाला, कामून? तोवर ते बादलीत बसलेही होते.

मोटार जड होती. चिखल तिला सोडत नव्हता. त्यांनी पहार खाली घातली, छातीनं रेटली. पाय मागं सरकायचे आणि मोटार तिथंच राहायची. तळहाताचं कातडं सोललं. बादली आडवी करून, एकेक वीत लोळवत त्यांनी मोटार तिच्यात ढकलली आणि तुटक्या दोराचं टोक वर ठेवलं. दोराचे धागे पिंजलेले होते. सुरीनं कापलेला दोर असा पिंजत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. चौदा महिन्यांपूर्वी काठावरचं दुसरं टोकही असंच होतं. तेव्हाही त्यांनी ते बघितलं होतं.

त्यांनी दोर हलवून खूण केली. बादली वर निघाली. तिच्यातून गढूळ पाणी त्यांच्या डोक्यावर ठिबकत राहिलं. बादली काठावर गेली, फिरली, दिसेनाशी झाली. मग इंजिन बंद झालं.

विहिरीच्या तळाला वरचं बोलणं नेहमी ऐकू यायचं. आज काहीच ऐकू येईना. शेषेराव वर बघत उभे राहिले.

खूप वेळानं काठावर गुरुबसप्पांचं डोकं आलं. "शेषेराव, हे काय पाठवलंस?"

"मोटार."

"कुणाची?"

"माझी. वाचा की अक्षर. चोरी झाली न्हाई, आप्पा. दोर घासून तुटला. मला त्यानं सांगितलं होतं टायर घाल म्हणून. मी घातला न्हाई."

डोकं मागं गेलं. बादली खाली यायला पुष्कळ वेळ लागला. शेषेराव वर आले. मोटार लिंबाखाली ठेवली होती आणि सगळे तिच्यापासून चार पावलं लांब बसले होते, घरात कुणी गेल्यावर बसतात तसे.

गुरुबसप्पांनी त्यांना बाजूला घेतलं. "हे बघ, झालं ते झालं. आपण सात जणच हाव. कुणी बोलणार न्हाई. पोरगं सुटंल की कधीतरी."

"मी 'हीच असंल' म्हणलो होतो आप्पा. तुमी काय म्हणलाव?"

"मी कुठं काय म्हणलो?"

"तेच सांगून राहिलो. मान डोलावलाव नुसती."

गुरुबसप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. त्याबरोबर भस्मही पुसलं गेलं.

तालुक्याचा वकील बरा निघाला. त्यानं मोटार सापडल्याचा अर्ज लिहिला आणि सांगितलं, केस संपायला तारखा पडतील, उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारतील. पोरगा आता बाहेर काढायचा तर जामीनच लागेल. शेषेरावांनी तलाठ्याकडून काढलेला ताजा सातबारा पुढं ठेवला. बिलकीसला निरोप गेला होता, ती पहिल्या गाडीनं आली. सगळं ऐकून ती भिंतीला टेकली. ओढणीचं टोक तिनं तोंडावर घट्ट धरलं. शेषेराव हात जोडून उभे होते. ती त्यांना काहीही बोलली असती तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं.

ती म्हणाली, "भाऊ, यादीत वर दहा जण हायेत."

"काय?"

"नियम मीच केलाय. माझ्या पोराला मधी घुसवलं तर बाकीच्या बायांना मी काय तोंड दाखवू? तुमचा सातबारा शिवप्पाला लागतो. शारिक नंतर."

वकिलानं चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. चौदा महिने ज्याची वाट बघितली ते दारात आलं असताना ही बाई दुसऱ्याला वाट देत होती. "भाभी, ती यादी मंडळाची हाय," ते कसेबसे म्हणाले. "ही चूक माझी एकट्याची हाय. माझ्या चुकीला पाळी लावू नका."

बिलकीस मान हलवत राहिली. ती काही केल्या ऐकेना. तेवढ्यात दारातून कुणीतरी खाकरलं. गुरुबसप्पा उभे होते, धोतराच्या सोग्यात कागद धरून. "शिवप्पा म्हंजे कोण ते मला म्हाईत न्हाई," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "देगलूरचा हाय म्हणतेत. आमची एक आत्या तिकडंच दिली होती. लिवा माझा सातबारा त्याला. पण हे गावात सांगत बसू नका. माझी विहीर व्हायची हाय अजून."

कोर्टातल्या कारकुनानं दोन्ही कागद ओढून घेतले. शेषेरावांचं नाव, वय, गट नंबर, सगळं भरत तो खाली आला. "आरोपीशी नातं?"

"मीच फिर्यादी हाय."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं केसचा कागद उलटून नाव पडताळलं. "फिर्यादी हे काय नातं आहे का, काका? जामीनदाराचं आरोपीशी नातं काय, ते सांगा."

शेषेरावांनी विचार केला. "सावड लिवा."

"सावड?"

"त्यानं माझी पाळी भरली चौदा महिने. आता मी त्याची भरतो."

कारकुनानं उसासा टाकला आणि काहीतरी लिहिलं. "करा सही."

"वाचून दाखवा आधी."

"ओळख, असं लिहिलंय."

"मी तसं म्हणलो न्हाई." शेषेरावांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण मागची रांग ऐकू लागली. "साहेब, मागं मी एक शब्द बोललो होतो, तो कागदावर उतरला न्हाई. म्हणून एक माणूस आत गेला. आता मी जे बोललो तेच लिवा."

कारकुनानं त्यांच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि 'ओळख'वर रेघ मारून 'सावड' लिहिलं. या वेळी शेषेरावांनी ते अक्षर अक्षर लावून स्वतः वाचलं, मग सही केली.

हुकूम जेलात पोचायला दुसरा दिवस उजाडला. दुपारी चारच्या सुमाराला मोठ्या दारातलं छोटं दार उघडलं आणि आधी शिवप्पा बाहेर आला, मग शारिक. शिवप्पाला न्यायला कुणीच आलं नव्हतं. मंडळाच्या दोन बाया त्याच्याकडं गेल्या, तर तो मागं सरकला. आपल्याला कुणीतरी न्यायला येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

शारिक वाळून गेला होता. उन्हात तो डोळे बारीक करून उभा राहिला. बिलकीसनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पिठानं भेगाळलेल्या हातांत, आणि ती रडली. मंडळाच्या कामात तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं.

शेषेराव लांब उभे होते. दोन दिवस त्यांनी मनात शब्द जुळवले होते. माफी मागायची, मोटारीचं सांगायचं, त्याचं दुकान पुन्हा उभं करायला मदत करीन म्हणायचं. शारिक स्वतःच त्यांच्याकडं चालत आला. त्याच्या नखांत वाइंडिंगची काळी रेघ उरली नव्हती, हात एखाद्या मास्तराच्या हातासारखे स्वच्छ दिसत होते.

"काका," तो म्हणाला, "टायर घातलाव का?"

शेषेरावांचे जुळवलेले सगळे शब्द गेले. "न्हाई," ते म्हणाले. "तवाबी न्हाई अन् अजूनबी न्हाई."

शारिकनं मान हलवली. "मग नवी सोडली तरी पडंल." एवढंच बोलून तो वळला आणि आईबरोबर चालायला लागला. त्यानं त्यांना माफ केलं नव्हतं. ती माफी मागायचा त्यांना हक्कही नव्हता, हे शेषेरावांना तिथं उभं राहून नीट समजलं. बिलकीस मात्र दहा पावलांवरून परत आली. तिनं पिशवीतून यादी काढली, दोन नावांवर रेघ मारली आणि कागद त्यांच्या हातात दिला. "मला गावं पुरत न्हाईत, भाऊ. तुमच्या बाजूची तुमी बघा."

स्टँडजवळ एक पंक्चरचं दुकान होतं. शेषेरावांनी तिथून जुन्या टायरचा हातभर तुकडा मागून घेतला. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक म्हातारा बसला होता, टोपी, धोतर, पायाशी बियाणाची पिशवी. औसा मागं पडल्यावर शेषेरावांनी विचारलं, "पाव्हणं, गाव कोणतं? सातबारा तुमच्याच नावावर हाय का?"

म्हातारा खिडकीतल्या उजेडात त्यांना आपादमस्तक बघून घेत जरा बाजूला सरकला. "मला जमीन इकायची न्हाई."

"जमीन न्हाई मागत," शेषेराव म्हणाले आणि टायरचा तुकडा सीटखाली सरकवून त्यांनी खिशातली यादी बाहेर काढली.